खडूताईंची साक्ष

पडदा वर जातो तेव्हा समोर एक सरकारी सभागृह दिसतं. उंच खिडक्या, खिडक्यांतून तिरपं आलेलं सकाळचं ऊन, राखाडी फरशी. एका टोकाला हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, त्यामागे तीन खुर्च्या; समोर आणखी शंभरेक खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. इतकी माणसं असूनही आवाज कसा तो नाही. कारण टेबल आणि पहिली रांग यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एकोणसत्तर वर्षांची एक बाई गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूनं रेघ मारते आहे. हातात पट्टी नाही, दोरी नाही, टेप नाही. तरी रेघ अशी सरळ, की फरशीच वाकडी बसवली असावी असं वाटावं.

तिसऱ्या रांगेत, मांडीवर जाड फाइल घेऊन तिची सून बसली आहे. सासूबाईंनी आज इथे काय बोलायचं ते कालच ठरलं होतं, आणि त्या ठरलेल्यात खडूचा पत्ताच नव्हता.

ही रेघ पुढे कुठे वळली ते सांगायचं, तर आधी ती मारणारीची ओळख करून द्यायला हवी.

खडूताई हे नाव नाटकवाल्यांनी दिलेलं. तिचे वडील एका फिरत्या नाटक मंडळीत सुतार होते. ज्यांनी नाटकाची तालीम पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं, की तालमीच्या जागेत ना भिंती असतात, ना दारं, ना जिने. ते सगळं प्रयोगाच्या दिवशी उभं राहतं. तोवर जमिनीवर खडूनं खऱ्या मापात सगळं आखून ठेवतात. इथे दार, इथे तीन पायऱ्या, इथे कोच. नटांनी त्या रेघांमध्ये वावरायचं, म्हणजे ऐन प्रयोगात नाकावर आपटायची वेळ येत नाही. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा आठवीतून शाळा सोडलेली ही चौदा वर्षांची मुलगी खडू घेऊन जमिनीवर बसली, ती पुढे सोळा वर्षं उठली नाही. नटमंडळी भल्याभल्या दिग्दर्शकांना जुमानत नसत, पण खडूताईच्या भिंतीतून आरपार जायची कोणाची छाती नव्हती. कोणी बोलण्याच्या भरात रेघ ओलांडली, की कोपऱ्यातून शांत आवाज यायचा, "डोकं फुटलं तुमचं." आणि प्रवेश पहिल्यापासून सुरू व्हायचा.

मंडळी बंद पडली. नट पांगले. नाटकाला नेमानं येणारा एक चपलांचा दुकानदार होता, त्यानं दुकान मोठं करायला काढलं आणि सहज तिला विचारलं, की गिऱ्हाइकांची गर्दी दारातच तुंबते, काही सुचतं का. ती गेली, दोन दिवस दारात नुसती उभी राहिली, माणसं कुठे खांदा वळवतात ते मोजलं. तिसऱ्या दिवशी रिकाम्या जमिनीवर अख्खं नवं दुकान खडूनं आखलं आणि दुकानदाराला, त्याच्या बायकोला आणि दोन गिऱ्हाइकांना त्यात फिरवलं. तिथून धंदा सुरू झाला. दारावर पाटी लागली: खोल्या आखून मिळतील. इतकंच. डिझाइनर हा शब्द तिनं कधी स्वतःच्या तोंडानं वापरला नाही. तो वापरायला डिग्री लागत असावी असा तिचा समज होता. खरं म्हणजे तेव्हा काहीच लागत नव्हतं. ज्याला वाटेल त्यानं पाटी लावावी.

सून या घरात आली ती कुरियरच्या ऑफिसातून. कॉम्प्युटरवर नकाशे काढण्याचा एक छोटा कोर्स तिनं केला होता, तेवढ्या भांडवलावर ती सासूच्या हाताखाली शिरली. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, घरात मापांचीच भाषा. पहिल्याच महिन्यात तिनं जे पाहिलं ते ती अजून लोकांना सांगते. एक मूकबधिर जोडपं आलं होतं. लहानसं घर, दोन खोल्या. खडूताईंना त्यांच्या खुणा कळत नव्हत्या, म्हणून त्या तीन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात एका स्टुलावर बसून राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी ओटाच भिंतीपासून सोडवून खोलीच्या मधोमध आखला, आणि दोन खोल्यांमधली भिंत छातीपर्यंत ठेवून वरची काढून टाकली. जोडपं खडूत शिरलं. बायको ओट्यापाशी उभी राहिली, नवरा आतल्या खोलीत गेला, आणि तिथून त्यानं हात हलवून काहीतरी सांगितलं. बायकोनं भाजी चिरायचा अभिनय करता करताच मान वर करून उत्तर दिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एकमेकांकडे पाठ न करता बोलणं त्या घरात पहिल्यांदाच होत होतं. बायको तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. सुनेनं त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला विचारलं होतं, "तुझी आई आहे तरी कोण?"

एक गोष्ट मात्र सुनेला कळत नसे. सगळ्यांना खडूच्या खोलीत फिरवून झालं, की खडूताई गिऱ्हाइकांना बाहेर जायला सांगत. मग एकट्या त्या रेघांमध्ये जमिनीवर आडव्या होत. कधी उताण्या, कधी कुशीवर, गाल फरशीला लावून. खोली जितकी लहान, तितका वेळ जास्त. मग उठत, कधी एखादी रेघ पदरानं पुसून दुसरी मारत. सुनेनं एकदा कारण विचारलं. "पाठ दुखते गं," एवढंच उत्तर मिळालं. सुनेनं ते अकरा वर्षं खरं मानलं.

मग कायद्याची बातमी आली. दुकानं, दवाखाने, शाळा, थोडक्यात ज्या खोलीत परकी माणसं येतात-जातात, तिथली आखणी करायची तर सरकारी परवाना लागणार. परवान्याला डिग्री आणि परीक्षा. बातमी आली आणि धंद्यातल्या माणसांच्या पायांखालची जमीन सरकली. त्यांतली निम्मी माणसं डिग्रीविना हात चालवून मोठी झालेली. त्यांचा पुढारी होता पाटीवाला, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा आणि आता दिव्यांच्या पाट्या करणारा, खडूताईंचा तीस वर्षांचा स्नेही. आवाज असा, की शेजारच्या गल्लीत भाषण वेगळं करायला नको. तो रोज येऊन ऑफिसातल्या स्टुलावर बसे आणि सरकारचा उद्धार करी. त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. तो म्हणे, परवाना हुशारीला मिळत नाही, कागदाला मिळतो. ज्यांच्याकडे तो आहे ते कुंपण घालून आत बसतील, आणि आठवी झालेल्या पोरीनं खडू हातात घ्यायचा म्हटलं तर तिला फाटकावरच अडवतील.

"ताई, तुम्ही बोलायचं," तो म्हणाला. "कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला बसवलेल्या त्या कमिटीला तुमच्याकडे बघून कळू दे, की परवान्यानं काय काय बुडणार आहे."

सुनेची काळजी याहून जवळची होती. नव्या कायद्यात एक कलम होतं. ज्यांचं पंचवीस वर्षांचं काम सिद्ध होईल त्यांना परीक्षेशिवाय परवाना, आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांना त्याच परवान्यावर काम करायची मुभा. खडूताईंची सदतीस वर्षं झाली होती. सुनेनं महिनाभर बसून एकशे बारा खोल्यांचे फोटो, पत्रं, नकाशे गोळा करून फाइल बांधली. सरकारी रुग्णालयाचा लहान मुलांचा नवा विभाग त्यांना मिळायच्या बेतात होता, आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम; रुग्णालयाची अट एकच, कायदा आला की परवाना हवा. सून अडतीस वर्षांची, डिग्री नाही. ही फाइल मंजूर झाली तर ऑफिस राहणार होतं. नाहीतर ती पुन्हा कुरियरच्या काउंटरवर.

म्हणून बेत असा ठरला: खडूताईंनी सर्वांच्या वतीनं कायद्याविरुद्ध चार शब्द बोलायचे, आणि तरीही कायदा आलाच तर हाताशी असावी म्हणून जाताना फाइल टेबलावर ठेवायची.

आदल्या दिवशी दुपारी जेवताना मुलानं थट्टा केली. म्हणाला, मला लिफ्टचा एक स्क्रू फिरवायचा तर परवाना लागतो, दर वर्षी नवा. आणि तुम्ही दोघी अख्ख्या खोल्या फिरवता, तुम्हाला विचारणारं कोणी नाही. सून हसली. खडूताई हसल्या नाहीत.

"तुझा परवाना कोणी काढून घेऊ शकतं?" त्यांनी विचारलं.

"तक्रार आली तर. ऑफिस आहे ना त्याचं."

"तक्रार कोण करणार?"

"कोणीही. लिफ्टमध्ये अडकलेलं कोणीही. एक कागद भरायचा, मग ते मला बोलावतात आणि माझी बिनपाण्यानं करतात." तो भात कालवत म्हणाला. "का गं?"

त्यांनी पानातलं संपवलं, हात धुतले, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. सुनेला वाटलं, उद्याची साडी.

आता पुन्हा सभागृहात येऊ. पाटीवाल्याचं दणदणीत भाषण होऊन टाळ्या पडल्या आहेत. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीशबाई, त्यांच्या उजवीकडे परवानाधारक आर्किटेक्ट, डावीकडे एक इंजिनिअर, जो सकाळपासून फक्त पाणी पीत होता. खडूताईंचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या, माइक बाजूला सारला, आणि पहिल्या रांगेला खुर्च्या दोन हात मागे घ्यायची विनंती केली. पिशवीतून खडू काढला. आणि तिथे आपला पडदा वर गेला होता.

चार रेघा झाल्या. फार तर तीन फूट रुंद, साडेचार फूट लांब. एका कोपऱ्यात त्यांनी एक गोल काढला, दुसऱ्या टोकाला भिंतीत दाराची फट सोडली, आणि त्या फटीपासून आतल्या बाजूला दाराच्या फिरण्याचा पाव गोल मारला. उभ्या राहिल्या, हात झटकले.

"बावीस वर्षांपूर्वी एका डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना मी आखला," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण नाटकाच्या तालमीत वाढलेला होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ही तिथली पेशंटची संडासाची खोली. बाहेर अरुंद बोळ होता. दार बाहेर उघडलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला लागायचं, म्हणून मी ते आत उघडणारं केलं. आधी हे असंच खडूनं आखलं. डॉक्टरांना चालवलं, नर्सबाईंना चालवलं, काठीवाल्या आजोबांना चालवलं. सगळ्यांना नीट आत जाता आलं, नीट बाहेर येता आलं."

मग त्यांनी आर्किटेक्टसाहेबांना हात जोडून पुढे बोलावलं आणि दारापाशी बाहेरच्या बाजूला उभं केलं. ते जरा हसतच उभे राहिले. खडूताई पाव गोलाला वळसा घालून आत गेल्या, नसलेलं दार नसलेल्या कडीनं लावलं. चेहरा इतका साधा, की नसलेली कडी सगळ्यांना दिसली. दोन पावलं टाकली. हात कपाळाला नेला. आणि खाली पडल्या.

पडल्या म्हणजे, एकोणसत्तर वर्षांची बाई जेवढ्या बेतानं पडेल तेवढ्याच बेतानं; पण सभागृहातली एक बाई ओरडली आणि सून खुर्चीतून अर्धी उठली. खडूताई त्या तीन फुटांत कुशीवर, पाय मुडपून, पाठ दाराला लावून पडल्या होत्या. दाराचा पाव गोल बरोबर त्यांच्या अंगाखाली आला होता. गाल फरशीला लागला होता.

सुनेनं त्यांना असं शंभर वेळा पडलेलं पाहिलं होतं. खडूच्या शंभर खोल्यांत. आज पहिल्यांदा तिला ते पडणं म्हणून दिसलं.

"आता दार उघडा," जमिनीवरून आवाज आला.

आर्किटेक्टसाहेबांचं हसू गेलं होतं. ते खाली बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. ढकलायचं तर आतल्या बाईला ढकलायला हवं होतं. बिजागऱ्याही आतल्या बाजूला, बाहेरून त्या काढता येणार नव्हत्या. सभागृहात कोणी खोकलंही नाही. पन्नास-पन्नास वर्षं रंगमंच गाजवलेल्या माणसांनाही अशी शांतता एखाद्याच रात्री लाभते. इथे ती एका भल्या सकाळी, सरकारी फरशीवर, आठवी शिकलेल्या एका बाईनं मिळवली होती.

"त्या दिवशी दार चार बोटं उघडलं होतं," खडूताई पडल्या पडल्या म्हणाल्या. "चार बोटं. नर्सबाईंनी हात घालून आत पडलेल्या पेशंटचा सदरा धरला होता. सुतार यायला एकोणीस मिनिटं लागली. हृदयाचा झटका होता, आधी हात लागला असता तर वाचले असते का, ते कोणी सांगू शकलं नाही. मी सगळ्यांना चालवलं होतं. पाडलं कुणालाच नव्हतं."

सून आता पूर्ण उभी होती. तिच्या लक्षातही नव्हतं.

आर्किटेक्टसाहेबांनीच हात देऊन खडूताईंना उठवलं. मग खडूताईंनी आपल्या पिशवीतून तीन कागद काढले, घड्या इतक्या जुन्या की कागद घडीवर फाटायला आलेले. गेलेल्या गृहस्थांच्या बायकोनं तीन ठिकाणी अर्ज केले होते. नगरपालिकेनं कळवलं होतं, की खोलीच्या आतली मांडणी आमच्या अखत्यारीत येत नाही. डॉक्टरांच्या परिषदेनं कळवलं होतं, की उपचारात कसूर दिसत नाही. आर्किटेक्टांच्या मंडळानं कळवलं होतं, की सदर व्यक्ती आमच्या नोंदीत नाही. तिन्ही उत्तरं अतिशय नम्र होती. खडूताईंना सुताराकडून हे उशिरा कळलं तेव्हा त्या बाईंच्या घरी गेल्या होत्या. त्या बाईंनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, पाणीही विचारलं, आणि ही तीन पत्रं त्यांच्या हातात ठेवून म्हणाल्या होत्या, ही तुम्हीच ठेवा, मला घरात नकोत.

"त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं," खडूताई म्हणाल्या. "पण त्यांनी जायचं कुठे? माझ्याविरुद्ध बोलायला या एवढ्या मोठ्या सरकारात एक खिडकी नव्हती. मी दुसऱ्या दिवशी उठून पुढच्या कामाला गेले. मला कोणी अडवलं नाही. म्हणून मी सांगायला आलेय, की परवाना असावा."

पाटीवाल्यानं डोक्याला हात लावला. मग न राहवून उठला. म्हणाला, ताई, परवानेवाल्यांची दारं काय बाहेर उघडतात? आणि तुमच्या वेळी हा कायदा असता तर तुम्हाला खडू कोणी हातात दिला असता? मग त्या मूकबधिर जोडप्याचा ओटा कोणी सोडवला असता?

प्रश्न खरा होता आणि सभागृहाला तो पटला. मागून पुष्कळ माना हलल्या. सगळ्यांत अवघड मात्र आर्किटेक्टसाहेबांना गेलं. ते खुर्चीत बसले होते, चष्मा काढून पुसत होते. न विचारताच म्हणाले, की पाटीवाले बरोबर बोलतात. माझी अशी चाळीस तरी दारं असतील, सगळी नियमात बसणारी, शिक्क्यासकट.

खडूताईंनी त्यांच्याकडे वळून मान तुकवली, जशी नटी चांगल्या सहनटाला दाद देते. मग पाटीवाल्याला म्हणाल्या, "साहेबांना तू हे आज विचारू शकलास. मला बावीस वर्षं कोणी विचारलं नाही. फरक एवढाच आहे रे, बाकी हुशारीबिशारी त्यांच्यात आणि आपल्यात सारखीच. आणि मला आतच येता आलं नसतं हे तुझं खरं. म्हणून कमिटीला सांगते, डिग्री मागू नका, शाळेचा दाखला मागू नका. ज्याला यायचं त्यानं यावं आणि परीक्षेला बसावं."

न्यायाधीशबाई लिहून घेत होत्या. त्यांनी लिहिणं थांबवून विचारलं, की बाई, तुमच्यासाठी पंचवीस वर्षांचं कलम आहे, तुम्हाला परीक्षेची गरज नाही, तुमची फाइल आणली आहे का?

फाइल सुनेच्या हातात होती. एकशे बारा खोल्या. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं तिच्याकडे पाहिलं, आणि सुनेला आयुष्यात पहिल्यांदा त्या डोळ्यांत विनंती दिसली.

"ते कलम काढून टाका," खडूताई न्यायाधीशबाईंना म्हणाल्या. "तो दवाखाना सुद्धा माझ्या अनुभवातच मोजला जाईल."

घरी सुनेनं चार दिवस अबोला धरला. रागावणं तिला साधत नव्हतं आणि न रागावणंही साधत नव्हतं. ज्या बाईनं एका सकाळीत तिचं ऑफिस पाण्यात घातलं, तिच्याच पाया पडावंसं वाटत होतं, आणि ते वाटणंही तिला सहन होत नव्हतं. मधल्या काळात रुग्णालयाचा मुलांचा विभाग एका परवानेवाल्या कंपनीला गेला. पाटीवाला मात्र रोज येत राहिला. स्टुलावर बसून म्हणायचा, आम्ही तुम्हाला तोफ म्हणून नेलं आणि तुम्ही आमच्याच दिशेनं उडालात. खडूताई म्हणायच्या, तुझ्या पाट्या माणसांच्या डोक्यावर टांगलेल्या असतात, तू पण तयारीत राहा.

पाचव्या दिवशी सुनेनं भाजी निवडता निवडता विचारलं, "आई, माझं काय? बोलायच्या आधी माझा विचार आला होता का मनात?"

खडूताईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. म्हणाल्या, आला होता, आणि म्हणूनच कालपरवापर्यंत बावीस वर्षं गप्प बसले. आधी मुलाचा विचार करून, मग तुझा. आणि पुढे म्हणाल्या, "परीक्षेला बस. मी पण बसते. एकीचं पुस्तक दोघींना पुरेल."

पुढच्या वर्षी कायदा आला, बराचसा त्या सकाळी बोलला गेला तसा. डिग्रीची अट गेली. अनुभवाचं कलम गेलं. पेशंटच्या वापरातल्या लहान खोल्यांची दारं बाहेर उघडणारी, नाहीतर बाहेरून उचलून काढता येणारी असावीत, अशी एक ओळ आली. ती आर्किटेक्टसाहेबांनी स्वतः लिहिली म्हणतात. तक्रारीसाठी एक ऑफिस उघडलं.

घरातल्या जेवणाच्या टेबलावर दोघी अभ्यासाला बसल्या. सुनेचा नवरा डबा घेऊन निघताना त्यांना चिडवी, पोरींनो, दंगा करू नका. सत्तरीच्या खडूताई डोळ्यांजवळ पुस्तक धरून जिन्यांच्या पायऱ्यांचे आकडे पाठ करत, आणि मध्येच म्हणत, हा आकडा कोणा उंच माणसानं ठरवलेला दिसतो. पहिल्या वर्षी दोघी नापास. दुसऱ्या वर्षी सून पास झाली, तीही बऱ्या गुणांनी. खडूताई पुन्हा नापास. त्यांची उत्तरपत्रिका पाहिलेल्या परीक्षकानं नंतर सुनेला सांगितलं. प्रश्न होता एका वाचनालयाचा आराखडा नियमानुसार पुरा करा असा. खडूताईंनी आराखडा पुरा केला नव्हता. त्याऐवजी पानभर लिहिलं होतं, की प्रश्नात दिलेली खोली मुळातच चुकलेली आहे, हिच्यात म्हाताऱ्या माणसाला वर्तमानपत्र वाचायला उजेड मिळणार नाही, ही पाडून दुसरी काढावी. खाली ती दुसरी काढून दाखवली होती, हातानं, पट्टीशिवाय. परीक्षक म्हणाला, तो कागद मी ऑफिसात काचेखाली ठेवलाय. पण मार्क कुठल्या रकान्यात द्यायचे सांगा.

सुनेनं ऑफिसात येऊन निकाल सांगितला तेव्हा तिला वाटलं, आता ही बाई मोडेल. खडूताईंनी दोन्ही हात तिच्या गालांवर ठेवले, बराच वेळ ठेवले. मग आत जाऊन आपल्या टेबलाचा खण रिकामा केला, आणि खिडकीजवळची मोठी खुर्ची ओढत आणून सुनेच्या टेबलामागे लावली. स्वतः दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. पाटीवाला तेवढ्यात आला, त्याला त्याची जागा गेलेली दिसली, आणि तो पहिल्यांदाच काही न बोलता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं नवी पाटी आणून लावली, सुनेचं नाव आणि खाली परवान्याचा नंबर. पैसे विचारले तर शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

कायद्यानं आता रेघ खडूताईंची आणि सही सुनेची. सही करताना सुनेचा हात अजूनही थोडा थांबतो. सदतीस वर्षं ज्या बाईनं कोणाला विचारलं नाही, ती आता प्रत्येक कागद पुढ्यात ठेवते आणि उभी राहते. चूक सापडली तर मान हलवते, पुन्हा आखते. एकदा तर सुनेनं नुसतं मन राखायला म्हणून सही केली, तेव्हा खडूताईंनी तो कागद परत फिरवला. न वाचता सही करायची नाही, म्हणाल्या, माझी तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात त्याच रुग्णालयातून एक अधिकारी आले. मुलांसाठी व्यायाम-उपचाराची नवी खोली करायची होती. कधीकाळी त्या सभागृहात चौथ्या रांगेत बसलेले हे गृहस्थ. दारातच स्टुलावरच्या बाईंना पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. म्हणाले, काम तुम्हीच करायचं, मी तुमच्यासाठीच आलोय, बाकी कागदांचं काय ते बघून घेऊ. आतल्या टेबलामागे सुनेनं हातातलं पेन खाली ठेवलं. तिला तिथून सासूची फक्त पाठ दिसत होती. सत्तरी ओलांडलेली, खडूच्या भुकटीनं पांढुरकी झालेली, ताठ पाठ.

खडूताई स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी ते स्टूल पाहुण्यांपुढे सरकवलं.

"कागदांचं बघून घ्यायचं नसतं, ते मॅडमना दाखवायचे असतात. त्या आत आहेत, सही त्यांची लागते. तोवर बसा, आणि मला सांगा, तुमच्याकडे येणारं सगळ्यात लहान मूल केवढं असतं?"